डाव्या गुडघ्याबाबतचे निवेदन आणि मिळकतीची व्यवस्था

मी, प्रयात सायबुआ, वय चौसष्ट, मुए थाईचा माजी खेळाडू आणि आता मुलांना तीच मारामारी शिकवून पोट भरणारा, राहणार बान नोंग तान, जिल्हा सुरिन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वखुशीने आणि कोणाच्या धाकाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पत्नीने तसा दाखला देण्यास नकार दिला.

मला कोणताही आजार नाही आणि मरण्याचा सध्या विचार नाही. तरी लिहिण्याची घाई आहे, कारण माझा मुलगा कंपोन बारा दिवसांनी, पुनवेच्या जत्रेत, विहाराच्या पटांगणात लढणार आहे. त्याचा डावा गुडघा निकामी होत आला आहे आणि माझे बोलणे तो ऐकत नाही. आमच्याकडे कागद असला की माणसे ऐकतात, म्हणून हा मार्ग धरला. हे मृत्युपत्र मी जिवंत असताना, माझ्यासमोर, तालमीत सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवावे. कचेरीतला कारकून म्हणाला, अशी पद्धत नाही. मी म्हणालो, असू दे.

कलम एक. खांबांवरचे राहते लाकडी घर, त्याखालची विणकामाची जागा, पाण्याचे चार रांजण आणि सात राय, म्हणजे पावणेतीन एकर, भातशेती ही पत्नी लमाय हिची. ही सगळी आजवर तिनेच सांभाळली. माझे नाव कागदावर होते एवढेच.

कलम दोन. जुना ट्रान्झिस्टर रेडिओ माझा मेहुणा सवात याला द्यावा. बौद्ध संवत २५२९ मध्ये, म्हणजे अडतीस वर्षांपूर्वी, या रेडिओने माझ्याबद्दल जे सांगितले त्यावर सवातने विश्वास ठेवला आणि तालमीच्या भिंतीवर माझे आठ हात उंच चित्र काढले. त्या चित्रात माझ्या डाव्या गुडघ्याला रक्ताळलेली पट्टी आहे आणि पोटाला कोणत्याही माणसाला नसतात इतके स्नायू आहेत. खाली लिहिले आहे, ‘एका पायावर जिंकलेला’. हे चित्र चुन्याने पुसून टाकावे. चुन्याचे पोते मी आणून ठेवले आहे. सवातला वाईट वाटेल. त्याला सांगावे की पोटाचे स्नायू मलाही आवडले होते.

कलम तीन. हे कलम मिळकतीचे नाही, पण याशिवाय पुढची कलमे समजणार नाहीत.

माझे गुरू ख्रू सिंगखाम; ख्रू म्हणजे आमच्याकडे गुरुजी. आम्हा मुलांना जगात त्यांच्यापेक्षा मोठा माणूस माहीत नव्हता. ते भात ज्या हाताने खात त्याच हाताने आम्ही खायचो, ते थुंकत तिथे थुंकायचो. लढतीआधी रिंगणात गुरूला वंदन करण्याचा जो नाच असतो, तो प्रत्येक तालमीचा वेगळा. ख्रूंच्या नाचात तिसऱ्या पावलाला डावा पाय जमिनीवरून ओढत आणायचा, थांबायचे आणि मग कपाळ टेकायचे. पंचक्रोशीत या पावलाचा दबदबा होता. कोणी म्हणे हे जुन्या राजाच्या सैनिकांचे पाऊल, कोणी म्हणे साखळदंड ओढणाऱ्या हत्तीचे.

एकदा मी धीर करून विचारले, “ख्रू, हे पाऊल कुठल्या घराण्याचं?”

“ताडाच्या झाडाचं,” ते म्हणाले. “ताडी काढायला चढलो होतो, पडलो. तेव्हापासून हा पाय नीट उचलत नाही. तुम्ही कशाला ओढता रे गाढवांनो?”

हे मी इतरांना सांगितले. सगळ्यांनी मिळून ठरवले की ख्रू खरे गुपित लपवत आहेत, आणि त्या दिवसापासून पाय आणखी जोरात ओढू लागले. मीही ओढू लागलो. गुरूंनी केले ते करायचे, ही आमची रीत. त्यांच्यासारखे लढणे अवघड होते. त्यांच्यासारखे लंगडणे कोणालाही जमण्यासारखे होते.

२५२९ मध्ये बँकॉकच्या मोठ्या स्टेडियमवर माझी लढत सिसाकेतच्या थोंगदाम यांच्याशी लागली. ते माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे आणि सर्व बाबतीत चांगले होते. आमची तालीम लहान, आमचा नाच तिकडे कोणी पाहिलेला नव्हता. मी तिसऱ्या पावलाला पाय ओढला. समोरच्या कोपऱ्यातून त्यांच्या गुरूंनी ते पाहिले आणि शिष्याच्या कानात सांगितले, “डावा गेलाय त्याचा. तोच धर.” थोंगदाम यांनी तोच धरला. दोन फेऱ्या ते माझ्या डाव्या पायावर लाथा मारत राहिले. माझा डावा पाय उत्तम होता. पुढची लाथ कुठे येणार हे मला दर वेळी आधीच कळत होते. तिसऱ्या फेरीत मी गुडघा वर उचलून आडवा धरला आणि त्यांची नडगी त्यावर मोडली. तो आवाज मी विसरलेलो नाही. ते पुन्हा कधी लढले नाहीत.

रेडिओवाल्यानेही नाचातला पाय पाहिला होता. तो सगळा वेळ ओरडत होता, “प्रयातचा डावा गुडघा मोडलाय! तरी पठ्ठ्या मागे हटत नाही!” गावाने विहारात बसून हे ऐकले.

मी परत आलो तेव्हा गावकऱ्यांनी मला टेम्पोच्या टपावर बसवून मिरवले. उतरताना पायाला मुंग्या आल्या होत्या, म्हणून मी लंगडलो. बायका रडल्या. म्हाताऱ्यांनी माझ्या गुडघ्याला हात लावून तो कपाळाला लावला. त्यानंतर मुंग्या गेल्या, पण मी चार दिवस लंगडलो. हे मी जाणूनबुजून केले. त्यात रेडिओचा किंवा ख्रूंचा काही दोष नाही.

लमायला तेव्हाच कळले होते. ती म्हणाली, “घरात सरळ चालता आणि अंगणात लंगडता. कुंपणापाशी नक्की काय होतं तुम्हाला?”

मी म्हणालो, “लोकांना बरं वाटतं.”

“लोकांना की तुम्हाला?” ती म्हणाली. यावर मी अजून उत्तर दिलेले नाही. येथे देतो. मला.

कलम चार. माझा मुलगा कंपोन, वय एकोणतीस, याच्याविषयी. तो चांगला मुलगा आहे. मी भाताआधी मिरची खातो म्हणून तोही आधी मिरची खातो, आणि त्याला मिरची सोसत नाही. तो त्या चित्राखाली वाढला. सहा महिन्यांपूर्वी सरावात त्याचा डावा गुडघा आतून फाटला. त्याने कोणाला सांगितले नाही. आमच्या तालमीत लंगडा माणूस नाचताना ओळखू येत नाही, कारण सगळेच लंगडतात. मला कळले ते घराच्या शिडीवर. तो एक पायरी चढून दुसरा पाय तिच्यावरच आणत होता, ख्रू चढायचे तसा.

डॉक्टरांनी त्याच्यासमोर मला सांगितले, “शिवता येईल. पण याच्यावर अजून एक लाथ बसली, तर उरलेलं आयुष्य काठी घेऊन.”

बाहेर आल्यावर कंपोन हसला. म्हणाला, “बाबा, तुम्ही तर मोडक्या गुडघ्यावर अख्खी लढत जिंकलात.”

मी घाबरलो. चाळीस वर्षे लोक मला निधड्या छातीचा म्हणतात, म्हणून येथे स्पष्ट लिहितो की मी घाबरलो, आणि अजून घाबरलेला आहे.

मी त्याला त्याच ठिकाणी खरे सांगितले, की माझा गुडघा धड होता. तो म्हणाला, “तुमचं हेच मोठेपण आहे बाबा. स्वतःचं कौतुक कधी करत नाही.” आणि त्याने मला वाकून नमस्कार केला.

मग मी जिल्ह्याच्या दवाखान्यात जाऊन माझ्या गुडघ्याचा फोटो काढून घेतला. तिथल्या मुलीने विचारले, “आजोबा, काय दुखतंय?”

“काही नाही.”

“मग फोटो कशाला?”

“काही नाही हेच दाखवायचंय.”

फोटोत हाड काचेसारखे स्वच्छ होते. कंपोनने तो खिडकीच्या उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि तालमीतल्या सगळ्यांना हाक मारून दाखवला. “बघा रे, बाबांचं हाड कसं भरून आलंय. खूणसुद्धा नाही!” सदर फोटो परिशिष्ट म्हणून जोडला आहे. त्याचा काही उपयोग झाला नाही.

कलम पाच. यानंतर जगात एकच माणूस उरला ज्याचे कंपोनला ऐकावे लागले असते. थोंगदामदादांची सिसाकेतच्या बसस्टँडवर काडीला टोचून भाजलेल्या कोंबडीची गाडी आहे, हे मला पहिल्यापासून माहीत होते. अडतीस वर्षे मी तिकडे जाताना एक थांबा आधी उतरत असे. गेल्या मंगळवारी मी शेवटपर्यंत गेलो.

त्यांनी मान वर न करता विचारले, “किती काड्या?”

“दादा, मी प्रयात.”

“ते दिसतंय. किती काड्या?”

मी दोन घेतल्या. मग म्हणालो, “दादा, त्या दिवशी माझा गुडघा बरा होता.”

“हे मला सांगायला आलास? माझी नडगी मोडली की त्याच्यावर. दगडावर मारल्यासारखं झालं होतं.”

“लोकांना ते माहीत नाही.”

“लोकांना काय माहीत आहे ते मला विचार.” ते निखाऱ्यावर पंखा हलवत राहिले. “गिऱ्हाईक अजून विचारतं, लंगड्यानं पाडलेला थोंगदाम तूच का? पोरीचं लग्न ठरवायला गेलो तर व्याही तेच विचारून हसला. हरल्याचं काही नाही रे. तूही काही वाईट नव्हतास. पण धडधाकट गड्याकडून हरलो, एवढं तरी माझ्याकडे राहू द्यायचं होतंस.”

मला रडू आले. ते धुरामुळे आले असे मी म्हणालो, पण ते खरे नव्हते. मी त्यांना कंपोनचे सगळे सांगितले. माझ्या नावावर तळ्याकाठची तीन राय जमीन वेगळी आहे, ती त्यांच्या नावे लिहून देतो असेही म्हणालो. त्यांनी विचारले, “कागदावर साक्षीदार लागतो ना?” मी सांगितले की स्वहस्ते लिहिलेल्या कागदाला लागत नाही, आणि जो साक्षीदार होतो त्याला आमच्या कायद्याप्रमाणे त्या कागदातून काहीच मिळत नाही.

“मग मला साक्षीदार कर,” ते म्हणाले. “जमीन घेऊन बोललो तर तुझा पोरगा म्हणेल, म्हातारा विकला गेला.”

सबब सदर तीन राय जमीन माझी मुलगी रत्ना हिला द्यावी. थोंगदाम यांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. त्यांचे जे मी घेतले होते, ते कलम तीनमध्ये परत केले आहे.

कलम सहा. तालीम, तिची जागा, रिंगण, वाळूच्या पाच पिशव्या आणि लढतीआधी गुरू शिष्याच्या डोक्यावर बांधतो ती, ख्रूंनी मंतरून दिलेली शिरपट्टी ही कंपोनला द्यावी, पण पुढील अटीवर. ती शिरपट्टी त्याने दुसऱ्यांच्या डोक्यावर बांधावी, स्वतःच्या नाही. त्या गुडघ्यावर तो एकदाही रिंगणात उतरला, तर हे सर्व विहाराला जावे आणि तिथे भाताचे कोठार बांधावे. मी मेल्यावर लागू होणारी अट त्याने मी जिवंत असताना मोडली, तरी ती मोडली असे धरावे. कारकून म्हणाला, असे लिहिता येत नाही. वर लिहिले आहे.

तसेच यापुढे आमच्या तालमीत नाचताना कोणीही पाय ओढू नये. ख्रूंचा मान ठेवायचा असेल तर कपाळ टेकावे. त्यांचे दुखणे त्यांच्याबरोबर गेले आहे.

कलम सात. यापूर्वी मी केलेले कोणतेही मृत्युपत्र नाही. यापूर्वी मी सांगितलेली शौर्याची कथा रद्द समजावी.

जादा नोंद, वाचन झाल्यानंतर त्याच दिवशी लिहिलेली. आज सकाळी तालमीत शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक विरोज यांनी हा कागद अथपासून इतिपर्यंत वाचला. थोंगदामदादा पहिल्या बसने आले होते. सगळे ऐकून कंपोन माझ्याकडे न बघता त्यांच्याकडे गेला, हात जोडले आणि म्हणाला, “काका, बाबा नम्रपणानं असं लिहितात. तुम्ही तरी खरं सांगा.”

दादांनी विजारीचा पाय वर केला. नडगी जिथे जुळली तिथे अजून वाकडी आहे. “बाळ,” ते म्हणाले, “हे मोडक्या गुडघ्यावर आपटून होईल का? तुझा बाप ठणठणीत होता. ज्याचा पाय त्या दिवशी खरंच मोडला होता, तो मी. आणि मी पुढं लढलो नाही. खाली पडलो आणि आईला हाक मारली.”

कंपोनने माझ्याकडे पाहिले, आणि त्याला जो दिसायचा तो माणूस तिथे नाही हे त्याला कळले, असे मला वाटते. ते बघणे मला जड गेले. मी मान खाली घातली नाही.

दादांना उभ्याने सही करणे जमेना. कंपोन पडवीतून खुर्ची आणायला गेला. सहा महिन्यांत पहिल्यांदाच तो सगळ्यांच्या देखत, भिंतीला हात लावून, लंगडत गेला. येताना त्याने दोन खुर्च्या आणल्या. एक दादांना दिली आणि दुसरीवर स्वतः बसला.

हे लिहून देणार: प्रयात सायबुआ (सही)

साक्षीदार एक: थोंगदाम, कोंबडीविक्रेता, सिसाकेत (सही). स्वहस्ते शेरा: गुडघा चांगला होता. मी तपासला आहे.

साक्षीदार दोन: विरोज, निवृत्त मुख्याध्यापक, बान नोंग तान (सही)

स्थळ: बान नोंग तान येथील तालीम
दिनांक: ३ नोव्हेंबर, बौद्ध संवत २५६७