आईच्या पेटीचं कुलूप

मी, खाली सही करणारा, वय अठ्ठ्याहत्तर, धर्म ख्रिस्ती, धंदा कुलूप-किल्ल्यांचा, हे माझं शेवटचं मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझी शुद्ध जागेवर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी दिला, पण माझ्याकडे न बघता नुसती नाडी धरून दिला, म्हणून मी त्यांना सतराचा पाढा म्हणून दाखवला. कोणाचा दबाव नाही, कोणाच्या गोड बोलण्याला मी भुललेलो नाही. यापूर्वीची तीन मृत्युपत्रं रद्द समजावीत. प्रत्येक पानावर माझी सही आणि उरलेल्या जागेत आडवी रेघ आहे. रेघेखाली काही आढळलं तर ते माझं नव्हे.

कलम १. दुकान, किल्ल्या कापायचं मशीन, कानशी आणि भिंतीवरच्या कोऱ्या किल्ल्या माझ्या कारागिराला. तो पंचवीस वर्षं माझ्याकडे आहे. पहिली दहा वर्षं तो घरी निघाला की मी त्याचा डबा उघडून पाहत असे. एकदाही काही सापडलं नाही, याचा मला रागच येई. पुढे पुढे तो स्वतःच डबा उघडून समोर धरायचा. "बघून घ्या काका, म्हणजे मी सुटलो."

कलम २. बँकेतली शिल्लक आमच्या चर्चच्या मंडळीच्या दवाखान्याला. खजिनदारांनी पावती द्यावी, ती पाळकांनी तपासावी, आणि पाळकांना कोणीतरी तपासावं. मंडळीत मला मागून 'भिंगवाले' म्हणतात, हे मला ठाऊक आहे. ख्रिस्ती माणसाने सत्य शोधावं, नुसत्या माना डोलवू नयेत, हे सगळ्यांनीच ऐकलेलं. ते पाळतो मात्र मी एकटा, अशी माझी समजूत होती.

कलम ३. दुकानावरच्या दोन खोल्या कोणाला, ते मागाहून लिहितो.

कलम ४. धाकट्या बहिणीला काही नाही. कारण लिहून ठेवतो, म्हणजे कोणी फाटे फोडायला नकोत. एकतीस वर्षांपूर्वी आई वारली. दफनानंतर तिसऱ्या दिवशी आम्ही तिची पेटी उघडली. कुलूप जागच्या जागी आणि आतला सोन्याचा क्रूस गायब. तो आईला तिच्या आईने दिला होता. किल्ल्या दोनच. एक आईच्या गळ्यातल्या दोऱ्यात, ती शेवटी मीच काढून घेतली, दुसरी माझ्याकडे. म्हणजे उघडणाऱ्याने तारेने उघडलं. आणि तारेने कुलूप उघडणारं घरात माझ्याशिवाय एकच माणूस होतं. बहीण बारा वर्षांची असताना मीच तिला हौसेने ते शिकवलं होतं. त्या रविवारी उपासना सुटल्यावर, चर्चच्या पायऱ्यांवर, चारचौघांदेखत मी तिला चोर म्हणालो. तेव्हापासून ती डावीकडच्या बाकांवर बसते आणि मी उजवीकडच्या.

कलम ५. टेबल, भिंग आणि टेबलाच्या खणातल्या वस्तू...

इथे लिहिणं थांबलं होतं. वस्तूंची यादी करायला खण उपसला, तर तळाशी तेच कुलूप निघालं. पुढचं काही दिवसांनी लिहितो आहे.

हे कुलूप मी पुरावा म्हणून ठेवलं होतं. पितळी, सहा लिव्हरचं, म्हणजे किल्लीने उचलल्या जाणाऱ्या आतल्या सहा पट्ट्यांचं. तारेने उघडलं तर लिव्हरवर ओरखडे उठतात. ते जात नाहीत आणि भिंगातून आमच्या धंद्यातल्या कोणालाही दिसतात. त्यासाठी फक्त रिवेट कापून कुलूप खोलावं लागतं. दुसऱ्यांची कितीतरी कुलपं मी अशी खोलली. आईचं तेवढं नाही. कोणी विचारलं की म्हणायचो, पुरावा मोडेल. खरं कारण आज लिहितो. ओरखडे नसले तर काय, ही मला भीती होती.

मंगळवारी खोललं. सहाही लिव्हर स्वच्छ. किल्ली फिरून फिरून गुळगुळीत झालेली एक वाट, बाकी काही नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. एकतीस वर्षं मी चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो, आणि मनात अढी न ठेवता घ्यायचं ते प्रभूभोजनही दर महिन्याला चर्चमध्ये घेत होतो.

तरी माझं मन बघा. पहिला विचार आला तो असा, की आई झोपली असताना बहिणीनेच गळ्यातली किल्ली घेतली असेल. तेव्हा मात्र मला स्वतःची किळस आली. पाळकांना बोलावून घेतलं. म्हणालो, "प्रभूच्या जखमा बघितल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणाला ना तो शिष्य, मी त्याच्या जातीचा. तपासून घेणारा."

ते म्हणाले, "तो निदान सगळ्यांबरोबर त्याच खोलीत येऊन बसला हो. तुम्ही बहिणीला कधी विचारलंत?"

"म्हणजे काय? पायऱ्यांवर, सगळ्यांसमोर."

"ते सांगितलंत. विचारलंत कधी?"

ते गेल्यावर मी कुलपाचे सुटे भाग रुमालात बांधले.

बुधवारी कारागिराचा हात धरून बहिणीच्या दारात गेलो. खोललेलं कुलूप टेबलावर ठेवलं. ती आता सत्तरची आहे. चष्मा लावून तिने एकेक लिव्हर उजेडात धरला. शिकवलेलं विसरली नव्हती.

"तारेचं काम नाही हे," ती म्हणाली.

"नाही. मी तुझ्यावर खोटा आळ घेतला, चुकलो. आता पहिल्यांदा विचारतो. क्रूस तू घेतलास का?"

"नाही, दादा. मला तर वाटायचं, तूच घेतलास. दुसरी किल्ली तुझ्याकडेच होती की!"

हे मला इतक्या वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. सगळ्यांवर संशय घेतला, स्वतःला तेवढा वगळून.

"घेतलास का?" तिने विचारलं.

"नाही."

"बरं," ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

पुरावा नाही, शपथ नाही. मला तिथे बसून रडू आलं, ते लपवत नाही. क्रूस कुठे गेला ते आम्हा दोघांनाही माहीत नाही. आईनेच कोणाला तरी दिला असेल.

म्हणून कलम ४ रद्द, आणि खोल्या बहिणीला, असं ठरवलं. येत्या रविवारी उपासना सुटल्यावर कलम ४ आणि ते का रद्द केलं, हे त्याच पायऱ्यांवर वाचावं. जगलो तर मीच वाचीन, नाहीतर पाळकांनी.

आज सहीसाठी दुसरा साक्षीदार हवा होता. बहीण म्हणाली, "मी करते." मी सांगितलं, वकील म्हणतात, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याचं मिळायचं ते जातं.

"जाऊ दे. तुझं मन मला माहीत नाही का? वर जाऊनसुद्धा कोपऱ्यात बसून म्हणशील, बया खोल्यांसाठीच गोड बोलली. कारागिराला दे. त्याने तुझ्यापुढे दहा वर्षं डबा उघडलाय."

तो विचार माझ्या मनात येऊन गेला होताच. तसं मी तिला कबूल केलं.

कलम ३, शेवटचं. खोल्या कारागिराला, आणि कलम ५ मधल्या वस्तूही त्यालाच. खोललेलं कुलूप मी बहिणीला आजच हातोहात दिलं आहे, त्यामुळे ते या मृत्युपत्रात येत नाही.

स्थळ : दुकानामागची खोली. शनिवार, दिनांक १९ ऑक्टोबर २०२४.

(सही) कुलूपवाला, लिहून ठेवणार

साक्षीदार १ : (सही) डॉक्टर. आमच्यासमोर सही केली. पाढा बरोबर होता.

साक्षीदार २ : (सही) धाकटी बहीण. माझ्यासमोर सही केली. आईची पेटी त्याने उघडली नव्हती. तो म्हणाला, म्हणून.