खळ्यावर सुरू झालेला खेळ

बोदवड,
१४ डिसेंबर २०२५

दिपमालाअक्का,

नूतनचा नमस्कार. बारा वर्षांनी माझं अक्षर पाहून तुम्हाला नवल वाटेल. घरी सगळे बरे आहेत. मुलगी मेघा सातवीत गेली. थंडीनं केळीची पानं करपली, म्हणून हे सकाळपासून शेतातच असतात. माझी शाळेची नोकरी चालू आहे. तुमचा गुडघा अजून दुखतो का?

मागच्या रविवारी जळगावला लॉन बाउल्सची स्पर्धा झाली. तुमची ऋतिका धुळ्याच्या संघातून आली होती. छान खेळते. चेंडू सोडताना डावा गुडघा तुमच्यासारखाच जपून वाकवते, तिचा दुखत नसला तरी.

स्पर्धेची स्मरणिका निघाली. त्यात खेळाचा इतिहास मी लिहिला, चार पानं. इंग्लंडात राजानं साध्या लोकांना हा चेंडू घरंगळवण्याचा खेळ खेळायला बंदी केली होती, त्यांनी धनुष्यबाणाचा सराव करावा म्हणून. श्रीमंतांना मात्र आपापल्या हिरवळीवर मोकळीक. त्या बंदीची सालं मी तीन ठिकाणी तपासली. शेवटचं अर्धं पान खानदेशाचं. संपादक तोताराम सरांनी विचारलं, "मॅडम, आपल्याकडे सुरुवात कोणी केली?" मी लिहून दिलं, 'खानदेशात हा खेळ नूतन चौधरी यांनी आणला.'

जागा कमी होती, असं मी स्वतःला सांगत राहिले. तसं नव्हतं अक्का. मला ते वाक्य छापलेलं बघायचं होतं.

दिल्लीच्या शिबिरात शिकून तुम्ही आलात. पारोळ्याला तुमच्या सासरचं खळं शेणानं सारवून आपण दोघी खेळलो. चेंडू एका बाजूला जड असतो, म्हणून वळत जातो, हे मला तिथं कळलं. तुमच्या सासूबाई यशोदाबाई ओट्यावरून म्हणायच्या, "हाऊ कसा खेळ शे वो, चेंडू सरळ जातच नही." पुढे त्यांना अर्धांगवायू झाला आणि तुमचं खेळणं सुटलं. तुमच्याकडचे चारही चेंडू तुम्ही माझ्या पिशवीत घातलेत. "तू जा. दोघींतली एक तरी जाऊ दे," म्हणालात. त्याच चेंडूंवर मी राज्याचं पदक आणलं. सत्काराच्या भाषणात तुमचं नाव घेतलं नाही, आणि त्यानंतर तुम्हाला पत्र लिहायचं धाडस झालं नाही.

इथवर लिहिणं त्यामानानं सोपं होतं.

रविवारी जेवणाच्या सुट्टीत ऋतिका स्मरणिका घेऊन माझ्याकडे आली. संघातल्या मुली मागे उभ्या होत्या.

"मॅडम, आई म्हणते हा खेळ तिनं सुरू केला, पारोळ्याला. पण यात तिचं नाव नाही."

मी म्हणाले, "खेळल्या असतील. मला आठवत नाही."

मागची एक मुलगी हसली. ऋतिका "बरं मॅडम" म्हणाली आणि स्मरणिका मिटून निघून गेली. दुपारच्या सामन्यात तिचे चेंडू एकामागून एक लक्ष्याच्या अलीकडेच आखूड पडले. मी पाहुण्यांच्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होते.

दुसऱ्या दिवशी तोताराम सरांना खरं सांगितलं. त्यांनी स्मरणिका उघडून ते पान पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "वाटलेल्या प्रतींचं काय करणार?" तुमचं नाव घालून नवीन पान छापून घेतलं आहे. ज्या ज्या शाळेत प्रत गेली तिथं मी स्वतः जाऊन देते. बोदवड, वरणगाव झालं. प्रत्येक ठिकाणी पान का बदललं ते विचारतात आणि मला उभं राहून सांगावं लागतं.

शनिवारी सकाळी ऋतिकाच्या शाळेत येते आहे. त्या मुली समोर असतानाच सांगेन. नंतर तुमच्या घरी यावं की नाही, ते तुम्ही ठरवा. बोलावलं नाहीत तर तशीच परत फिरेन, मनात काही धरणार नाही.

पण ऋतिकाला शनिवारपर्यंत थांबवू नका. पत्र मिळताच सांगा, आई खरं बोलत होती. 'आठवत नाही' म्हणणाऱ्या बाईला सगळं आठवत होतं.

जे येतं ते तुमच्याकडूनच शिकलेली,
नूतन