येस म्हणजे हो

१ जानेवारी १९९१
संकल्प: रोज अर्धा तास इंग्रजी बोलणे. माणूस आयताच मिळाला आहे. लतीफशेठचा पुतण्या मुनीर नैरोबीहून आलाय. इंजिनीअर. सुताला खळ लावण्याचा आमचा कारखाना आता तोच बघणार. मराठी येत नाही, हिंदी जेमतेम. अख्ख्या कारखान्यात त्याच्याशी बोलू शकेल असा एकच हेडक्लार्क आहे. नाव लिहीत नाही. नम्रता.

४ जानेवारी
मुनीरने विचारलं, "यू हॅवन्ट हॅड लंच?" म्हटलं, "येस." तो "गुड" म्हणाला आणि एकटाच जेवायला निघून गेला. मी उपाशी. बाहेरदेशी वाढलेल्या मुलांना रीत नसते.

५ जानेवारी
सुचेताला सांगितलं तर हसत सुटली. म्हणे, "बाबा, मराठीतला 'हो' तुम्ही इंग्रजीत घालता. जेवला नाहीत? हो, नाही जेवलो. इंग्रजीत तिथे 'नो' म्हणायचं. येस म्हणजे जेवलो." मुलगी जिऑलॉजी शिकते आणि बापाला इंग्रजी शिकवते! मी अठ्ठावन्न सालचा एस.एस.सी. इंग्रजीत बासष्ट मार्क.
मग तिने मला फॉसिल म्हटलं. शिंपला चिखलात गाडला जातो, मूळचं सगळं विरघळतं, जागी दगड भरतो, आकार तोच राहतो. परकी भाषा शिकतानाही सुरुवातीची चूक अशीच दगड होऊन बसते म्हणे. त्यालाही फॉसिलायझेशनच म्हणतात. मग कितीही सांगा, हलत नाही.
म्हणजे टिकाऊ. लाखो वर्षं. मला तर कौतुकच वाटलं.

१९ जानेवारी
खळ शिजवायच्या मोठ्या कुकरचं प्रेशरचं घड्याळ तडकलं. नवीन यायला महिना. दुसरं घड्याळ खाली पाइपवर आहे. झाकण वर, माचावर; प्रेशर उतरल्यावरच उघडायचं. मुनीरला वरून काटा दिसत नाही. आतापर्यंत बॉयलरवाला पंढरी खालून हात दाखवायचा. हात वर म्हणजे थांब. आदिवासी खुणा! मी शेठना सुचवलं, मी खाली उभा राहतो आणि इंग्रजीत सांगतो. शेठ मुनीरकडे बघून बरं म्हणाले.
पंढरी म्हणाला, "भाऊसाहेब, हात दिसतो. बोलनं मशिनीत मरतं. मला ह्ये बरं वाटत न्हाय."
दिघाशीसारख्या खेड्यातला माणूस. हेवा वाटणारच.

२८ जानेवारी
सुचेताने वहीत दहा वेळा लिहून घेतलं: नाही असेल तर नो. लिहिलं. अक्षर अजून सुरेख आहे.
काल माझा येस ऐकून मुनीर पाना लावायला गेला. पंढरीने खालून हात वर करून आरडाओरडा केला, तेव्हा थांबला. माझं बोलणं मध्येच तोडलं म्हणून पंढरीला समज दिली. पुन्हा माझ्या वेळी तिथे उभं राहायचं नाही.
पुढच्या सोमवारपासून 'नो'चा सराव.

४ फेब्रुवारी
सोमवार. सर्दी. सराव उद्यापासून.

११ फेब्रुवारी, सकाळी अकरा
मुनीरने वरून विचारलं, "इट हॅजन्ट कम डाउन?" काटा अर्ध्यावर होता. मी मोठ्यांदा सांगितलं, "येस!"
त्याने बोल्ट सैल केले.

११ फेब्रुवारी, संध्याकाळ
उकळती खळ अंगाला चिकटते. पुसली की कातडी येते. हे मला माहीत नव्हतं. पंढरीने त्याला उचलून खाली आणलं. त्याचे स्वतःचे हातही भाजले. मुनीरला मुंबईला नेलं. तोंड, गळा, उजवा डोळा.
मी येस म्हटलं. हो, उतरलं नाही. यात चूक कुठे आहे?

१३ फेब्रुवारी
कारखान्यात चौकशी होणार. रिपोर्ट इंग्रजीत हवा. शेठ म्हणाले, "चिंतामणीभाऊ, तुमच्याशिवाय कोण लिहिणार?" खरंच आहे.
घड्याळापाशी कोण होतं, हे लिहायचं होतं. बॉयलरपाशी ड्युटी पंढरीची असते. तेवढंच लिहिलं. खोटं एक अक्षर नाही.
बायको सुमती म्हणाली, "तुम्ही जेवत का नाही?"

२० फेब्रुवारी
डॉक्टर म्हणतात, मुनीर महिन्याभरात बोलू लागेल. सगळे खूश. मीही.
सुचेताने विचारलं, "बाबा, त्या दिवशी खाली कोण उभं होतं?" मी पेपर वाचत होतो.

२ मार्च
रिपोर्ट मान्य. पंढरीला कमी करायचं पत्रही मलाच टाइप करायला सांगितलं. निष्काळजीपणा. तीन ओळी. व्याकरण अचूक. शेठना उद्या सगळं सांगून टाकणार.

३ मार्च
शेठ मुंबईला. उद्या.

५ मार्च
पंढरी घरी आला. बरोबर बायको, तुळजा. दोन्ही हातांना पट्ट्या, म्हणून पत्राचं पाकीट तिच्याकडे. म्हणाला, "भाऊसाहेब, इंग्रजी हाय. तुमीच वाचा."
मी वाचलं. इंग्रजीतच, सावकाश.
"काय लिवलंय?"
म्हटलं, हात बरे होईपर्यंत आराम करायला सांगितलंय.
तुळजा म्हणाली, "शेठ देवमानूस हाय."
पंढरी वाकला. हातांनी जमेना, म्हणून कपाळ माझ्या पायाला लावलं. सुचेता दारात उभी होती. तिला इंग्रजी येतं.