कोंबडा, बकरा अन् पयला घास

मु. नायकाचा तांडा, घाटंजीजवळ
होळी झाल्यावरचा सोमवार, सन १९५९

तीर्थस्वरूप लालसिंग मामाले देवीलालचा रामराम.

मामा, पयले कबूल करून टाकतो. मी भर पंचाईतीत खोटं बोललो. कारभाऱ्याचा लाल कोंबडा मी चोरून खाल्ला असं सांगितलं, अन् मी त त्याचं पीस बी चाखलं नाई. आता सांगा, तुमची तब्येत कशी हाय? गुडघा वाकते का? मामीचा खोकला गेला का? इकडं आमी दोघं खुशाल हावो, रुपीले सातवा महिना लागला, अन् मी तुमच्यावर लय रागावलो हाय.

रागावू नाई त काय करू? हे लग्न तुमीच जमवलं. तुमीच म्हनले, घरजवाई जाय, एक होळी झाली का तांडा तुले आपला म्हनन अन् नायक घर बांधाले जागा देईन. होळी झाली. दुसरी झाली. आता तिसरी बी झाली. मी अजून सासऱ्याच्या ओसरीत, खाटेवर, पाव्हना. प्रेमसिंग नायकाले विचारलं, आपला कधी होतो जी मी? म्हनते, लेकरू झालं का. त्याच्या खालचा कारभारी फुलसिंग, तो म्हनते, लेकरानं काय होते, तुह्या हातचं झाड फळाले पाह्यजे. सासरे म्हनते, घाई कायले, जेवाले भेटून राह्यलं ना. एक म्हातारा त म्हने, कुत्रे तुह्यावर भुकाचे बंद झाले का समज. (कुत्रे कधीचेच बंद झाले, मामा. कुत्र्याइले अक्कल हाय.) अन् सरकार पाहा. आपला अख्खा किनवट तालुका हैदराबादातून उचलला अन् एका दिवसात मुंबई राज्यात आनून ठेवला. ना कोनाचं लेकरू पाह्यलं ना झाड. एवढी मानसं सरकारनं आपली मानली, अन् ह्या चाळीस झोपड्याइले एक देवीलाल मानता येत नाई.

इकडं रुपीनं मले सांगून टाकलं, लेकरू झाल्यावर मी बापाच्या ओसरीत राहनार नाई, येत्या होळीले लेकराची धुंड, पयल्या होळीची पूजा, आपल्या दारात झाली पाह्यजे, नाई त चाल तुह्या किनवटले. तिकडं येऊन काय करू मामा? माह्या झोपडीत भावानं कडबा भरला.

मंग माह्या ध्यानात आलं, तांड्यात दंड फक्त घरच्या मानसाले होते. साळा घनश्याम नुसती शिवी देते त त्याले नारळ लागते. म्हनलं, एक दंड झाला का आपन कायमचे. म्हनून होळीच्या आदल्या दिवशी तांड्याचा नंगारा गंजीत लपवला. होळीची लेंगी गानी म्हनाले मानसं जमली, नंगारा नाई. मी उभा राह्यलो, म्हनलं मीच लपवला. सारे हासले. जवाई मोठा गमत्या म्हनते, अन् पंगतीत पयला घास मले. मंग कारभाऱ्याच्या पागोट्याचं टोक बैलाच्या शिंगाले बांधलं. बैल उठला, पागोटं गेलं, कारभारी उघड्या टकलानं मांगं. परत आला, दम खाल्ला अन् म्हनते, "चालते, पाव्हना हाय."

अशात त्याचा कोंबडा गायब झाला. सासऱ्याच्या झोपडीमांगं पिसं सापडली. पंचाईत बसली, सारे घनश्यामकडं पाहून राह्यले. मी उठलो, म्हनलं कोंबडा मी खाल्ला. कारभाऱ्याचं तोंड लालभडक झालं, पन त्यानं राग गिळला अन् मले विचारते, "गोड होता का?"

मामा, तिथं माहं डोस्कं फिरलं. म्हनलं, पाव्हना कायचा जी? तुमच्या विहिरीचा गाळ उन्हाळाभर मी काढला. तुमची माय गेली तवा खांदा मी देल्ला, पाव्हना मढं उचलते का? तुमचा कोंबडा जाते अन् मलेच विचारता गोड होता का, लाज नाई वाटत? अन् सासूबाईच्या भाजीत तीन वर्सांपासून मीठ नसते, मी चांगली चांगली म्हनत आलो, आजपासून नाई म्हननार.

सासूबाईनं पदर तोंडाले लावला. मंग नायकाची म्हातारी माय, रामीबाई, कोपऱ्यातून बोलली, "पाव्हना भांडत नसते रे. पाव्हना जेवते अन् चांगलं झालं म्हनते. हा त घरच्यावानी भांडून राह्यला. लावा याले बकरा."

नायकानं मिशीवरून हात फिरवला. म्हने, एक बकरा दंड, अन् झोपडीले जागा निंबामांगं. तेवढं आयकलं अन् कारभारी उठला, मले माह्या सात पिढ्याइवरून शिव्या देल्ल्या. तीन वर्सांच्या साचवल्या होत्या बिचाऱ्यानं. कोनी मले एवढं आपलं म्हनलं नोतं, मामा.

तुमचा भाचा,
देवीलाल (दंड झालेला)

ता. क. बकरा माह्यापाशी नाई. तुमचा तो मोडक्या शिंगाचा काळा घेऊन या. चूक तुमच्या हिशोबाची हाय, बकरा बी तुमचाच लागन.

ता. क. दुसरा. येतानी झाकनाचं टोपलं आना. काल निंबामांगं मी मेढीसाठी खड्डा खंदून राह्यलो होतो, त पऱ्हाटीच्या ढिगातून कोंबडा निंघाला. मांजरानं पिसं उपटली होती, बाकी ठनठनीत. डालग्याखाली घातला, वर गोधडी टाकली, तरी बांग देते. त्यानं देल्ली का मी बी देतो, म्हनजे पोराइले वाटते जवाईच गंमत करून राह्यला. कंठ बसला माहा. त्याले पैनगंगेपार घेऊन जा. कापू नका, त्याच्यापायी मले घर भेटलं.

अन् मामा, हात जोडतो, पाया पडतो, कोनाले सांगू नका. मामीले त नाईच नाई. कोंबडा जिता हाय हे तांड्याले कळलं त बकरा परत करतीन, माफी मांगतीन, ओसरीत पुन्हा खाट टाकतीन, अन् पंगतीत पयला घास मले देतीन.