चालता छापखाना बंद करण्याविषयी

शिवाजीनगर, बेंगळूर
ता. १२ ऑगस्ट १९६१

तीर्थरूप आप्पामामांच्या सेवेशी, बालके दामोदरचा साष्टांग नमस्कार.

तुमची आणि मामींची प्रकृती चांगली असेल असं धरून चालतो. मामींच्या गुडघ्याला सुंठीचा लेप लागू पडला का, तेही कळवावं. इकडे अलका आणि मुलं बरी आहेत. माझंही खाणंपिणं व्यवस्थित आहे (झोपही व्यवस्थित आहे, असं अलका जरा वेगळ्या सुरात सांगते). आता मुद्द्याचं लिहितो. मी छापखाना बंद करायचं ठरवलं आहे.

तुम्हाला वाटेल, दामूनं हाही धंदा बुडवला. (सायकलीच्या दुकानाची आठवण तुम्ही काढण्याआधी मीच काढून ठेवतो.) तसं नाही. छापखाना चालतो आहे, इतका तो कधीच चालला नव्हता. बेंगळुरात मराठी लग्नपत्रिका छापून देणारे आहेत किती? आपल्या लोकांची मुलं इथं शाळेत कानडी शिकतात, बाजारात कानडी बोलतात, पण लग्न ठरलं की घरातल्या आजीला पत्रिका मराठीच हवी असते. त्या आज्यांच्या जिवावर माझं दुकान. मालक मी, अक्षरांचे खिळे जुळवणारा मी, पायानं मशीन मारणारा मी आणि प्रुफं तपासणाराही मीच. गोम इथंच आहे. आपलीच चूक आपणच तपासायची म्हटल्यावर ती सापडणार कशी?

वैशाखात मल्हारराव आले. हे आमच्या मागच्या गल्लीत राहतात. मूळचे निपाणीकडचे, पण आजोबांच्या वेळेपासून इथले. पोस्टातून निवृत्त झालेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता मुलगा रत्नाकर विमानाच्या कारखान्यात इंजिनियर. त्याचं लग्न जयनगरच्या नीलाशी ठरलं होतं. मल्हाररावांनी पत्रिकेचा मजकूर दिला आणि म्हणाले, "दामूअण्णा, छापण्याआधी स्वल्प, जरा दाखवा हं." मी म्हणालो, "आमच्याकडे दाखवायची वेळ येत नाही." (हे वाक्य मी खरोखर बोललो. अलका आतून ऐकत होती, त्यामुळे नाकारताही येत नाही.)

झालं असं, की आधीच्या एका पत्रिकेचे जुळवलेले खिळे मी मोडले नव्हते. नुसती नावं बदलली की काम होईल, असा आळशी विचार. नावं बदलली. सगळी अचूक, एका वेलांटीलाही धक्का नाही. फक्त बापाचं नाव मुलाच्या जागी बसलं आणि मुलाचं बापाच्या. त्यामुळे पत्रिका अशी झाली, की चि. मल्हारराव यांचा शुभविवाह चि. सौ. कां. नीला हिच्याशी करण्याचे योजिले आहे, तरी सहकुटुंब सहपरिवार यावे, आपला नम्र, रत्नाकर. मल्हाररावांनी माझ्या शब्दावर विसंबून गठ्ठा तसाच पाकिटांत भरला आणि पोस्टात टाकला. निपाणी, हुबळी, धारवाड, सगळीकडे.

पहिला बोभाटा जयनगरात झाला. नीलाच्या आजी कृष्णाबाई, त्या घरात शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी चष्मा लावून पत्रिका वाचली आणि निरोप धाडला की लग्न मोडलं. मल्हारराव मला बरोबर घेऊन तिकडे गेले. जाताना बसमध्ये माझंही तिकीट त्यांनीच काढलं. (शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.)

कृष्णाबाई झोपाळ्यावर बसल्या होत्या, पत्रिका मांडीवर. म्हणाल्या, "दाखवलात तरणा पोरगा, आणि बोहल्यावर तुम्ही चढणार होय? आमच्या नीलाला आई नाही म्हणून काय वाट्टेल ते?"

मल्हाररावांनी हात जोडले. "अक्का, लग्न रत्नाकरचंच आहे."

"मग हे कुणी छापलं?"

मामा, त्या वेळी मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात आतून कॉफी आली आणि मी पेला हातात घेतला. मल्हारराव माझ्याकडे न बघता म्हणाले, "मजकूर मीच उलटा लिहून दिला. वय झालं, घोटाळा झाला. यांनी दिलं तसं छापलं." कृष्णाबाईंनी मांडीवरची पत्रिका घडी घालून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "सरी, असू दे. पण म्हाताऱ्या माणसानं आपण लिहिलेलं दुसऱ्याकडून वाचून घ्यावं." मल्हारराव मान खाली घालून "हो" म्हणाले. आणि मी कॉफी प्यायलो. चांगली होती. (हे लिहायची गरज नव्हती, पण त्या बैठकीतलं पुढचं मला तेवढंच आठवतं.)

लग्न झालं. मांडवात जो येई तो मल्हाररावांच्या पाठीवर थाप मारी, "काय नवरदेव, मुंडावळ्या कुठं ठेवल्या?" धारवाडच्या एका पाहुण्यानं तर नवऱ्यामुलासाठी आणलेला फेटा त्यांच्याच डोक्याला बांधला. ते हसत होते. रत्नाकर मात्र हसत नव्हता. मी पंगतीत मान वर न करता जेवत होतो आणि जिलबी दुसऱ्यांदा घेतली नाही, तेव्हाच अलकाला संशय आला. घरी आल्यावर तिला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "पेला खाली ठेवता आला असता."

इथं संपलं असतं तरी मी कसंबसं निभावलं असतं. पण मल्हाररावांना काळजी लागली की या भानगडीत माझ्या दुकानाचं नाव खराब होईल. म्हणून ते ज्याला त्याला सांगत सुटले, "चूक माझी हो. दामूअण्णा दिल्या मजकुराचा काना हलवत नाहीत." झालं, रांग लागली. मुंजी, वास्तुशांती, साठीशांती. अलसूरहून एक गृहस्थ आले आणि म्हणाले, तुमच्या भरवशावर आलोय. मी आता प्रत्येक मजकूर वाचतो, पुन्हा वाचतो, अलकाला देतो, शेजारच्या शिंप्याला देतो (त्याला मराठी येत नाही). परवा मुंजीच्या एका पत्रिकेत बटूच्या जागी आजोबांचं नाव दिसलं आणि घाम फुटला. मशीन थांबवून त्यांच्या घरी पळत गेलो, तर नातवाला आजोबांचंच नाव ठेवलेलं होतं. त्यांनीही माझ्या दक्षतेचं कौतुक केलं आणि ताक पाजलं. मामा, लोक माझं कौतुक करतात तेव्हा ज्या माणसाची थट्टा होते तो मागच्या गल्लीत राहतो, आणि रोज सकाळी दुकानावरून जाताना मला हात करतो. हे मला झेपत नाही. मशीन न्यायला चिकपेटेतला एकजण तयार आहे आणि मला एका कारखान्यात कारकुनाची जागा मिळते आहे. रागावू नये. मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा
दामोदर

ता. क. चालतं दुकान बंद का करतोस, असं सगळे विचारू लागले. खरं सांगायचा धीर झाला नाही. म्हणून मी सांगितलं आहे की बेळगावचे मामा अंथरुणाला खिळले आहेत आणि मला सारखं तिकडे जावं लागणार. तेव्हा इकडचं कुणी भेटलंच, तर कृपा करून थोडं आजारी असावं. फार नको, खोकला पुरे. पत्र लिहिण्याचं खरं कारण हेच.

ता. क. दुसरा. खोकला पुरणार नाही. मल्हारराव स्वतः तुम्हाला बघायला निघाले आहेत. गुरुवारी पुण्याच्या गाडीनं बेळगावला उतरतील. त्या दिवशी निदान पडून राहावं आणि मामींना विश्वासात घ्यावं.

ता. क. शेवटचा. पाकीट चिकटवणार तोच मल्हारराव दारात. हातात पिशवी, पिशवीत तुमच्यासाठी मोसंबी, आणि तुम्हाला पथ्य काय ते विचारायला आले होते. मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं, खोकल्यासकट. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे मामांना काही झालेलं नाही?" मी म्हणालो, नाही. ते खुर्चीत टेकले. म्हणाले, "बरं झालं. जिवाला घोर लागला होता." मग पिशवी टेबलावर ठेवून गेले. तेव्हा तुम्ही आजारी पडायची गरज उरलेली नाही. अलकानं मोसंबी सोलून माझ्यापुढे ठेवली आहेत. एक फोड उचलली आणि परत बशीत ठेवली.