रकाना सात : सुटलेले अडतीस

प्रति,
मा. मूल्यमापन अधिकारी साहेब,
असाध्य रुग्ण शुश्रूषा योजना,
विभागीय कचेरी, औरंगाबाद.

अर्जदार : सर्जेराव लक्ष्मण खरात, सहशिक्षक, मु. पो. केदारखेडा, ता. भोकरदन.

विषय : सदाशांती रुग्णाश्रमास अर्जदाराने स्वतः दिलेला 'उत्तम' हा शेरा रद्द करणेबाबत.

संदर्भ : (१) अर्जदारास मूल्यमापक नेमल्याचे आपले पत्र, दि. २८ ऑक्टोबर १९७४.
(२) अर्जदाराने भरलेला तपासणी तक्ता, दि. १४ नोव्हेंबर १९७४.
(३) सोमवार, दि. १० फेब्रुवारी १९७५ रोजीच्या सन्मान समारंभाची निमंत्रणपत्रिका.

महोदय,

हा अर्ज शक्यतो जेवणाआधी वाचावा, ही पहिली विनंती. बाकीच्या विनंत्या खाली क्रमाने येतील.

१. अर्जदार चौदा वर्षांपासून चौथीचा वर्ग शिकवतो. खेड्यातल्या मास्तरामागे कामांचा ससेमिरा असतो. शिरगणती आली की मास्तर, मतदान आले की मास्तर, देवीची लस टोचायला माणसे गोळा करायची तरी मास्तरच. त्यामुळे ज्यांच्यापुढे डॉक्टरांनी हात टेकले अशा रोग्यांना शेवटच्या दिवसांसाठी ठेवून घेणाऱ्या आश्रमाचा दर्जा तपासण्याचे पत्र आले, तेव्हा अर्जदाराला नवल वाटले नाही. उलट तो फुगला. 'मूल्यमापक' हा शब्द त्याने आपली पत्नी बेबीनंदा हिला दोनदा वाचून दाखवला. पत्रासोबत पंधरा रकान्यांचा तक्ता होता. तो शाईने भरायचा होता व त्यात खाडाखोड करायची नव्हती. तेवढे मात्र अर्जदाराने काटेकोर पाळले.

२. दि. १४ नोव्हेंबरला अर्जदार टेंभुर्णीला एस.टी.तून उतरला आणि पुढे चालत आश्रमात पोचला. व्यवस्थापक जगन्नाथराव फाटकाशी हात जोडून उभे होते. ओसरी नुकतीच धुतलेली होती. आत जायच्या दाराला हिरवा पडदा होता आणि फिनेलचा वास येत होता. पडद्यापलीकडे अवघड रोगी आहेत, अनोळखी माणूस दिसला की ते घाबरतात, असे जगन्नाथरावांनी सांगितले व शिऱ्याची बशी पुढे केली. शिऱ्यात वेलदोडा होता. अर्जदाराने तो खाल्ला, आग्रह झाल्यावर पुन्हा थोडा घेतला, आणि तक्ता ओसरीवर बसूनच भरला. पडदा त्याच्या खुर्चीपासून सहा पावलांवर होता. ती सहा पावले तो चालला नाही. रोग्यांना त्रास नको म्हणून तो थांबला असे कुणी समजू नये. फिनेलच्या खालून दुसरा एक वास येत होता आणि शिरा खाताना अर्जदाराला तो नको होता.

रकाना चार, स्वच्छता : उत्तम. हे ओसरी पाहून लिहिले. रकाना नऊ, रुग्णांस पिण्याच्या पाण्यासाठी स्वतंत्र भांडे आहे काय : होय. हे जगन्नाथराव म्हणाले म्हणून लिहिले. रकाना अकरा, रुग्णांच्या तक्रारी : निरंक. तक्रार घेऊन एकही रोगी पडद्याबाहेर आला नाही, हे त्याचे कारण. त्यांच्यातल्या कुणाला उठताच येत नव्हते, हे अर्जदाराला पुढे कळले.

३. आता रकाना सात. त्याचे शीर्षक 'सुटलेले रुग्ण' असे होते आणि आठव्याचे 'मयत' असे. मागच्या साली किती रोगी आले व त्यातले किती सुटले, असे अर्जदाराने विचारले. जगन्नाथरावांचे उत्तर शब्दशः असे :

"अडतीस आल्ते गुरुजी. समदे सुटले. एक बी राह्यला न्हाई."

त्यांनी वहीही दाखवली. प्रत्येक नावापुढे तारीख होती आणि 'सुटला' किंवा 'सुटली' असा शब्द होता. अर्जदाराने सातव्या रकान्यात अडतीस लिहिले, आठव्यात आडवी रेघ मारली, आणि शेरा लिहिला : शेकडा शंभर.

महोदय, आपल्याकडे माणूस दवाखान्यातून घरी आला की लोक म्हणतात, सुटला. आणि दुखण्याने पिचलेला माणूस गेला की त्याच्या दारात बसून तेच लोक म्हणतात, सुटला बिचारा. एका शब्दाचे दोन अर्थ कसे होतात हे अर्जदार दरसाल फळ्यावर लिहून शिकवतो. त्याच अर्जदाराने असाध्य रोगाचे अडतीस रोगी ठणठणीत होऊन आपापल्या पायांनी गावी गेल्याचे शाईने लिहून दिले व खाली सही ठोकली. चौथीच्या पोराने हे केले असते तर अर्जदाराने त्याला बाकावर उभे केले असते. अर्जदाराला मात्र समारंभात शाल व नारळ मिळणार आहे. पत्रिकेवर 'शेकडा शंभर रोगमुक्ती' असे ठळक छापले आहे. समारंभानंतर भोकरदन, जाफ्राबाद व अंबड तालुक्यांतले आणखी बावीस रोगी तेथे पाठवले जाणार आहेत, हेही त्याच पत्रिकेत आहे.

४. अर्जदाराची आई तो लहान असताना वारली. त्याला मावशीने वाढवले. तिचे नाव झुंबरबाई, वय अंदाजे पासष्ट. १९५६ साली घरच्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्याच आठवड्यात ती बाजाराला गेली. चहाच्या हॉटेलाबाहेर अर्जदाराच्या समाजासाठी खिळ्याला वेगळी कपबशी टांगलेली असे. ती मावशीने खाली काढली, दगडावर फोडली आणि चहा न पिता घरी आली. अर्जदार तेव्हा तिच्याबरोबर होता व घरी चल म्हणून तिचा हात ओढत होता.

या मावशीच्या पोटात गाठ झाली आणि डिसेंबरात डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितले. म्हातारीला इथेच ठेवू, मी बघते, असे बेबीनंदा म्हणत होती. अर्जदाराने तिला तक्त्याची नक्कल दाखवली. आपण पास केलेली जागा आहे, असे तो म्हणाला. या वाक्याची त्याला आज किळस येते.

दि. ६ जानेवारीस मावशीला आश्रमात ठेवले. पुढच्या रविवारी, येतो म्हणून आधी कळवून, अर्जदार भेटीला गेला. तिला खाटेसकट ओसरीवर आणून ठेवले होते. अंगाखाली परीटघडीची चादर होती आणि तिला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. काहीतरी जालीम औषध दिसते, असे अर्जदाराला वाटले. मावशीने त्याच्या पिशवीतला फिरकीचा तांब्या ओढून घेतला आणि एका दमात रिकामा केला. अर्जदाराने ते उन्हावर ढकलले. जानेवारी महिना होता.

५. दि. २ फेब्रुवारीस अर्जदार न कळवता गेला. फाटकाशी कुणी नव्हते. त्याने ती सहा पावले चालून पडदा उचलला, आणि लगेच बाहेर येऊन ओकला. आतल्या वासासाठी सरकारी भाषेत शब्द नाही आणि घरच्या भाषेतला शब्द अर्जात लिहिता येत नाही. नाकाला रुमाल लावून तो पुन्हा आत गेला. नऊ खाटा होत्या. एकीवरही चादर नव्हती. चादरी कोपऱ्यातल्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून ठेवल्या होत्या, साहेब लोकांच्या आणि नातेवाइकांच्या दिवसासाठी. रोगी बारदानावर पडले होते. ज्या बारदानात सरकी भरतात ते बारदान.

मावशी त्या नऊ खाटांत नव्हती. ती मागच्या उघड्या पडवीत होती आणि तिच्या शेजारी कडूबा नावाचे एक वृद्ध गृहस्थ होते. वहीत प्रत्येकाच्या नावापुढे जात लिहिलेली आहे, त्यावरून या दोघांना पडवी मिळाली. मावशीच्या पाठीच्या जखमेत बारदानाचे धागे रुतले होते व मुंग्या लागल्या होत्या. खोलीच्या खिडकीच्या गजाला पडवीच्या बाजूने तारेने दोन ॲल्युमिनियमचे गडवे बांधलेले होते. त्यांच्यावर तांबड्या रंगाचा ठिपका होता. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा कुणीतरी येऊन त्यांत वरून पाणी ओतत असे. ते हाताने काढून घेण्याइतके बळ दोघांतही नव्हते.

हे ते स्वतंत्र भांडे. रकाना नऊ. होय.

अर्जदार तार सोडवीत असताना मावशीने डोळे उघडले. ती एवढेच बोलली :

"सर्जा, ती कपबशी म्या फोडल्ती ना रं?"

अर्जदाराने होकारार्थी मान हलवली.

५. (वरचाच क्रमांक पुन्हा पडला आहे. खाडाखोड न करण्याची सवय असल्याने तो तसाच ठेवला आहे.) जगन्नाथराव तासाभराने आले. त्यांना राग आला नाही, हे विशेष. वहीत 'मयत' का लिहीत नाही असे विचारता ते म्हणाले की मेला लिहिलेले पाहून नातेवाईक रडतात, सुटला म्हटले की त्यांच्या जिवाला बरे वाटते. हा माणूस खोटे बोलत होता असे अर्जदार म्हणू शकत नाही. त्याने खरेच सांगितले होते, आणि शिरा खाणाऱ्याला ते ऐकू गेले नाही. गडव्यांबद्दल ते म्हणाले की बाकीचे रोगी कुरकुर करतात, त्यांचा शेवट कशाला बिघडवायचा. दोघांच्या शेवटाचे काय, असे विचारता त्यांनी वही मिटली.

टेंभुर्णीहून भोकरदनकडे जाणारा कापसाचा ट्रक मिळाला. मावशीला ट्रंकेतल्या चादरीत गुंडाळून उचलले तेव्हा तिने कडूबांकडे हात केला आणि ह्याला बी घे, असे सांगितले. कडूबांना नातेवाईक नाहीत आणि परक्या माणसाच्या ताब्यात रोगी देता येत नाही, असे जगन्नाथराव म्हणाले. नियम बरोबर होता. अर्जदाराने कडूबांचा गडवा भरून त्यांच्या उशाशी ठेवला व तो निघाला. जगन्नाथराव ट्रकापर्यंत आले. "बिलकुल फिकीर करू नका गुरुजी, फक्त तेवढी चादर आमची हाये," असे ते म्हणाले. चादर काढून द्यावी लागली. बेबीनंदाने मावशीसाठी अर्जदाराच्या पिशवीत घालून दिलेल्या लुगड्यावर मावशीला निजवले. तिच्या नावापुढे त्यांनी अर्जदारादेखत लिहिले : सुटली, दि. २ फेब्रुवारी.

मावशी सध्या अर्जदाराच्या घरी आहे. बेबीनंदा तिची पाठ धुते. मावशी रोज एकच विचारते, कडूबाला पानी दिलं का. त्यासाठी अर्जदार काल, दि. ५ रोजी, शाळेतून रजा काढून पुन्हा गेला. फाटकाला कुलूप होते. समारंभाची तयारी असल्याने भेटी बंद आहेत, असे आतून सांगण्यात आले. चुना लावण्याचा वास येत होता, आणि वेलदोड्याचाही.

६. सबब विनंती की, (अ) अर्जदाराने दि. १४ नोव्हेंबरला भरलेला तक्ता रद्द समजावा. (ब) अडतीस हा आकडा सातव्या रकान्यातून काढून आठव्यात घ्यावा. (क) सोमवारचा समारंभ थांबवावा. तो थांबत नसेल तर निदान बावीस रोग्यांना तेथे पाठवू नये. (ड) आपण स्वतः, आधी न कळवता, पडद्याच्या आत जावे. तेथे काही खाऊ नये. (इ) अर्जदारास शाल देऊ नये. खोटा तक्ता भरल्याबद्दल जी शिक्षा असेल ती द्यावी. तो तक्रार करणार नाही.

आपला, नम्र राहण्याची शिकस्त करणारा,

(सही)
सर्जेराव लक्ष्मण खरात
केदारखेडा, गुरुवार, दि. ६ फेब्रुवारी १९७५

सोबत :
(१) तपासणी तक्त्याची नक्कल.
(२) झुंबरबाई यांच्या डाव्या अंगठ्याचा ठसा, आज रोजी त्या हयात असताना घेतलेला. आश्रमाच्या वहीप्रमाणे त्या चार दिवसांपूर्वीच सुटलेल्या आहेत.
(३) एक गडवा, मावशीच्या वाट्याचा, ॲल्युमिनियमचा, तांबडा ठिपका असलेला, तारेसह. साहेबांनी यातून पाणी पिऊन पाहावे अशी सक्ती नाही. परत पाठवू नये.

ता. क. — शुक्रवार, दि. ७. अर्ज टपालात टाकायचा राहिला, कारण मावशी आज सकाळी वारली. शेवटचे पाणी तिने घरच्या तांब्याने घेतले. शेजारच्या पुष्पाबाई आल्या आणि तिच्या तोंडावरून हात फिरवून म्हणाल्या, सुटली बिचारी. त्या मनापासून बोलल्या, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. तरी वहीत व तक्त्यात तिला 'मयत' लिहावे.

डोळे मिटण्यापूर्वी तिने पुन्हा विचारले, कडूबाला पानी दिलं का. मी 'होय' म्हणालो. रकाना नऊनंतर हा माझा दुसरा खोटा 'होय'. पहिला आता खरा होणार नाही. दुसरा खरा करणे आपल्या हाती आहे. मागची पडवी, भिंतीकडची खाट. कडूबा अजून सुटलेले नाहीत.