बोटांना ठाऊक

उदगीर, ४ जानेवारी

चि. अजहर यास अब्बांची दुआ.

फोनवर बोलायला लागलो की फोन कापतोस, म्हणून कागद धाडला. तुझ्या बँडचा व्हिडिओ बघितला. क्लॅरोनेट वाजवून राहिलास का दळण मोजून राहिलास? कपाळाला आठ्या, नजर बोटांवर, अन् सूर मेल्यागत. लाज वाटली मला.

माझे दात पडले म्हणून बँडातली जागा तुला दिली, अक्कल पाजळायला न्हाई. घास तोंडात घालताना कोपर किती वाकवायचं ते इचारतोस का? बोटांना ठाऊक असतं. डोकं बाजूला ठेव.

कहकशांच्या लग्नाला मी येणार न्हाई. बापाला न इचारता बिलोलीचा तो अमान पसंत केला. लोक काय म्हणतील ह्याचा इचार तिनं केला न्हाई, मी करून राहिलोय. बहिणीच्या पाठवणीला तूच वाजवणार म्हणं. निदान तिथं तरी हसं करू नको.

लोभ कमी झालाय, उरलाय तो सांभाळ.
जिलानी

नांदेड, १९ जानेवारी

ती. अब्बांना स. सलाम वि. वि.

काल पाठवणी झाली. ठरलेली फिल्मी धून मोजूनमापून वाजवत होतो, तरी सारखा चुकत होतो. शेवटी वैतागून तुमचं ऐकलं, डोकं सोडलं. तर बोटं भलतीकडंच गेली. कहकशां लहानपणी झोपत नसली की तुम्ही ओट्यावर बसून वाजवायचात, ती धून. मला ती कुणी शिकवलीच नव्हती.

कहकशांचा एक पाय गाडीत होता. अब्बा आले, अब्बा आले म्हणत, माणसं सारत ती माघारी पळाली. क्लॅरोनेटमागं मी दिसलो. तशीच वळून गाडीत जाऊन बसली.

राग आला तर येऊ द्या. वाजवताना डोकं घालू नको म्हणता, अन् लेकीच्या बाबतीत डोक्याशिवाय काहीच वापरलं न्हाई तुम्ही. ज्या लोकांना भ्यालात ते इथं येऊन बिर्याणी चापून गेले. मला तुमची लाज वाटली.

लोभ मला नको, तिच्यावर करा.
आपला अजहर

बिलोली, २ फेब्रुवारी

चि. अजहर यास दुआ.

गावाचं नाव वाचून दात काढू नको. तुझं पत्र वाचलं, तुला शिव्या दिल्या, चपला घातल्या. कुठं निघालो ते बसमध्ये बसल्यावर कळलं. जुनी क्लॅरोनेटही पिशवीत आली होती.

अमान बरा हाय, पण गाण्यावर मान हलवतो ती भलत्याच ठेक्यात. मी वाजवावं म्हणून कहकशांनं लई हट्ट धरला. दात न्हाईत, नुसती हवा निघाली. तरी ती ओट्यावरची धून बोटांनीच पुरी केली. पोरगी माझ्या बोटांकडं बघत रडत बसली. संपल्यावर नाक पुसून म्हणाली की अब्बा, दुसऱ्या ओळीत चुकलात.

खरंच चुकलो होतो.

लोभ हाय. मोजत बसू नको.
जिलानी